तुटणं, फुटणं, मोडणं : इंग्रजीतलं ‘ब्रेक’ समजून घेताना

‘माय फोन ब्रोक.’ इंग्रजी शिकवताना हे तीन शब्दांचं वाक्य मी सुरुवातीलाच देते आणि त्याचं मराठी करायला सांगते. उत्तरं ठरलेली असतात. माझा फोन तुटला, माझा फोन फुटला, माझा फोन मोडला. उत्तर देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जमिनीवर पडलेला, काच तडकलेला फोन असतो. इंग्रजी वाक्यातला फोन मात्र पडलेला असेलच असं नाही. तो टेबलावर ठेवला होता तसाच आहे, त्यावर साधा ओरखडाही नाही, फक्त सुरू होत नाही. तरीही इंग्रजी बोलणारा माणूस हेच वाक्य म्हणेल. आपण अशा वेळी ‘फोन बिघडला’ किंवा ‘बंद पडला’ म्हणतो.

‘ब्रेक’ हा शब्द आपण इतक्या लवकर शिकतो की त्याचा शब्दशः अर्थ आपल्याला येतोच, असं धरून चालतो. मग ‘ब्रेक द आइस’ म्हणजे हे आणि ‘ब्रेक द न्यूज’ म्हणजे ते, अशी लाक्षणिक अर्थांची यादी पाठ करत बसतो. बरीच वर्षं शिकवल्यावर आणि अनुवाद केल्यावर माझं मत असं झालं आहे की या शब्दाचा गोंधळ शब्दशः अर्थापासूनच सुरू होतो. तिथली गाठ सुटली की पुढचे बरेच लाक्षणिक अर्थ आपोआप उलगडतात. ती गाठ सोडवायला मराठीइतकं चांगलं हत्यार क्वचितच सापडेल, कारण इंग्रजी एका क्रियापदावर जे भागवते, त्यासाठी मराठीनं निदान तीन क्रियापदं घडवली आहेत.

काठी मोडते. दोरी तुटते. मडकं फुटतं. मराठी बोलणारं लहान मूलसुद्धा ‘दोरी फुटली’ असं म्हणत नाही. इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी ‘ब्रोक’ चालतं. कापड किंवा कागद असेल तर इंग्रजी ‘टेअर’कडे वळते, जसे आपण ‘फाटणं’कडे वळतो. सुरी चालवली असेल तर ‘कट’ येतं. बाकी जवळजवळ सगळा प्रदेश ‘ब्रेक’चा. अमुक प्रकारे तुटलं हे सांगायचंच असेल तर ‘स्नॅप’, ‘शॅटर’, ‘स्मॅश’, ‘क्रॅक’ असे शब्द आहेत, पण ते हवे असले तर वापरायचे. मराठीत ही निवड टाळताच येत नाही. वस्तू ताठ होती, ताणलेली होती की पोकळ होती, हे ठरवल्याशिवाय आपलं वाक्य पूर्णच होत नाही.

म्हणजे इंग्रजी ‘ब्रेक’ काय सांगतं? एवढंच, की वस्तू आधी एकसंध होती किंवा तिचं काम नीट करत होती, आणि आता ती तशी राहिलेली नाही. ते कसं घडलं, तुकडे कुठं गेले, आवाज झाला का, याच्याशी त्या शब्दाला देणंघेणं नाही. म्हणून न पडलेला फोनही ‘ब्रोकन’ असतो. बंद पडलेली लिफ्ट ‘ब्रोकन’ असते. घड्याळ, पंखा, प्रिंटर, सगळी यंत्रं काच न फुटता ‘ब्रोकन’ होऊ शकतात.

भाषेभाषेतला हा फरक अभ्यासकांनी पद्धतशीर तपासला आहे. नेदरलँड्समधल्या नायमेखन इथल्या मॅक्स प्लांक भाषामानसशास्त्र संस्थेत आसिफा माजिद, मेलिसा बोवरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६१ छोट्या चित्रफिती तयार केल्या. कुणी हातानं काठी मोडतंय, कुणी सुरीनं काही कापतंय, कुणी कापड फाडतंय, कुणी हातोड्यानं वस्तूचा चक्काचूर करतंय, अशी ती दृश्यं. २८ भाषा बोलणाऱ्यांना ती दाखवून विचारलं, इथं काय घडलं ते सांगा. २००७ मध्ये निष्कर्ष छापून आले. शब्दांच्या सीमा प्रत्येक भाषेनं आपापल्या आखल्या होत्या, पण त्यामागचा एक निकष भाषांमध्ये पुन्हा पुन्हा दिसला: वस्तू नेमकी कुठं वेगळी होणार हे आधी सांगता येतं का? सुरी जिथं ठेवली तिथंच कापलं जातं. हातोडा मारल्यावर तडे कुठं जातील ते कुणाच्या हातात नसतं. ‘कट’ आणि ‘ब्रेक’ यांच्यामधली रेघ इथून जाते. ‘ब्रेक’ हा नियंत्रण सुटलेल्या बाजूचा शब्द आहे, हे लक्षात ठेवा. पुढं मन, आवाज आणि वादळ यांच्याबद्दल बोलताना ते कामी येईल.

व्याकरणातही ‘ब्रेक’ची एक खोड आहे. ‘द बॉय ब्रोक द विंडो’ हे बरोबर आणि ‘द विंडो ब्रोक’ हेही बरोबर. कर्ता गाळला तरी क्रियापदाचं रूप तेच राहतं. ‘हिट’चं असं होत नाही. ‘द बॉय हिट द विंडो’ चालेल, पण खिडकीला काहीतरी लागलं या अर्थानं ‘द विंडो हिट’ म्हणता येणार नाही. चार्ल्स फिलमोर या भाषाशास्त्रज्ञानं १९७० मध्ये नेमक्या या दोन क्रियापदांची तुलना केली होती. ‘हिट’ सांगतं की काहीतरी येऊन लागलं. लागल्यावर वस्तूचं काय झालं, ते सांगत नाही. ‘ब्रेक’ सांगतं की वस्तूची अवस्था बदलली. ती कशानं बदलली ते सांगण्याची सक्ती नाही. आपल्याकडे ‘फोडणं’ आणि ‘फुटणं’, ‘तोडणं’ आणि ‘तुटणं’ अशा जोड्या आहेत, म्हणून काम सोपं होतं. फक्त ‘मोडणं’ इंग्रजीसारखं वागतं: मी काठी मोडली, काठी मोडली. रूप एकच.

आता लाक्षणिक अर्थांकडे येऊ.

नियम काठीसारखा, नातं दोरीसारखं, गुपित मडक्यासारखं

इंग्रजीत नियम ‘ब्रेक’ करतात, वचन ‘ब्रेक’ करतात, संपर्क ‘ब्रेक’ करतात, नाकेबंदी ‘ब्रेक’ करतात. या सगळ्यांत काय समान आहे, ते इंग्रजी वाक्याकडे कितीही वेळ पाहिलं तरी कळत नाही, कारण शब्द एकच आहे आणि तो कशाबद्दलच बोलत नाही. मराठी करून पाहा. आपण नियम मोडतो, वचन मोडतो, ठरलेलं लग्न मोडतं. संपर्क तुटतो, नातं तुटतं, संवाद तुटतो. गुपित फुटतं, परीक्षेचा पेपर फुटतो, कोंडी फुटते. यातलं एकही क्रियापद अदलाबदल करून चालत नाही. नियम फुटत नाही आणि गुपित मोडत नाही.

याचा अर्थ अमूर्त गोष्टींनाही आपण मनातल्या मनात आकार दिलेला आहे. नियम, वचन, ठरलेलं लग्न या कुणीतरी विचार करून उभ्या केलेल्या, ताठ मांडण्या आहेत, काठीसारख्या किंवा कपड्याच्या घडीसारख्या. म्हणून त्या मोडतात. सभा मोडते, बाजार मोडतो, डाव मोडतो, झोपमोड होते, हिरमोड होतो, हे सगळं त्याच घरातलं. नातं, संपर्क, संवाद हे दोन टोकांना जोडणारे धागे आहेत, म्हणून ते तुटतात. गुपित, कोंडी, जमाव आवरणारी भिंत या आत काहीतरी कोंडून ठेवणाऱ्या गोष्टी आहेत. मडकं फुटावं तशा त्या फुटतात आणि आतलं बाहेर येतं. ‘भांडं फुटलं’ या वाक्प्रचारात तर ते मडकं उघड उघड दिसतंच.

वैवाहिक नातं कायद्यानं संपवण्यासाठी आपल्याकडे जे दोन शब्द रुळले, तेही याच दोन वस्तूंवर उभे आहेत. ‘काडीमोड’मध्ये मोडलेली काडी आहे आणि ‘घटस्फोट’मध्ये फुटलेला घट. रोज वापरताना यातली काडी आणि घट आपल्या मनातही येत नाहीत. लाक्षणिक अर्थ पुरेसा जुना झाला की असंच होतं, त्यामागचं चित्र दिसेनासं होतं आणि तो शब्दाचा साधा अर्थ होऊन बसतो.

तेव्हा इंग्रजी वाक्यात ‘ब्रेक’ भेटलं की मी शिकणाऱ्यांना एकच प्रश्न विचारायला सांगते: इथं काय होतं? काठी, दोरी की मडकं? ‘दे ब्रोक ऑफ टॉक्स’. दोन पक्षांमधला धागा होता, म्हणून चर्चा तोडली. ‘शी ब्रोक द हॅबिट’. सवय ही अंगात मुरलेली मांडणी, म्हणून सवय मोडली. आपण ‘खोड मोडली’ही म्हणतो. ‘दे ब्रोक द कोड’. आत अर्थ कोंडलेला होता, म्हणून संकेत फोडला. पोलंडचा गणितज्ञ मारियान रेयेव्स्की यानं डिसेंबर १९३२ मध्ये जर्मन सैन्याच्या, गुप्त संदेश तयार करणाऱ्या एनिग्मा यंत्राचं कोडं सोडवलं, त्याला इंग्रजीत ‘ब्रेक’च म्हणतात. तिथं यंत्राची मोडतोड झाली नव्हती. गणितानं त्याच्या आतली रचना उघडी पाडली होती. मराठीत आपण संधीची फोड करतो, अवघड वाक्याची फोड करतो, ती याच जातीची. हिशेबात ‘ब्रेकडाउन ऑफ द फिगर्स’ मागितलं जातं तेव्हा आकड्यांची फोडच हवी असते, त्यात काही कोसळलेलं नसतं.

मराठीत एकच सर्वसमावेशक शब्द नाही असंही नाही. शिस्तभंग, करारभंग, शांतताभंग, अपेक्षाभंग, स्वप्नभंग, हक्कभंग. हा ‘भंग’ संस्कृतातून आलेला, आणि ‘ब्रेक’सारखाच वस्तूच्या आकाराबद्दल गप्प राहणारा. म्हणून कायद्याच्या आणि कचेरीच्या मराठीत तो सोयीचा पडतो. बोलताना मात्र आपण शिस्त मोडतो, शिस्तीचा भंग करत नाही.

खंड पडणं

आतापर्यंत एकसंध गोष्टीचे तुकडे होण्याबद्दल बोललो. ‘ब्रेक’चा दुसरा मोठा ओघ आहे सातत्याला खंड पडण्याचा. वस्तू सलग असते तसा काळही सलग असतो, आणि त्यात फट पडली की तीही ‘ब्रेक’. कामातली सुट्टी, दोन तासिकांमधली मोकळी वेळ, कार्यक्रमाच्या मधल्या जाहिराती, हे सगळे याचेच प्रकार. ‘ब्रेक घेऊ’ हे आता मराठीही झालं आहे. ‘ब्रेकफास्ट’ या शब्दात ‘फास्ट’ म्हणजे उपवास, रात्रभराचा. सकाळी त्यात खंड पडतो. पंधराव्या शतकापासूनचा हा शब्द, पण उच्चार इतका बदलला की इंग्रजी बोलणाऱ्यांनाही त्यातलं ‘ब्रेक’ सहसा ऐकू येत नाही.

देवनागरीत लिहिताना इथं एक वेगळी अडचण आहे. गाडीचा ब्रेक हा निराळा शब्द. त्याचं स्पेलिंग बी-आर-ए-के-ई, आणि आपल्या क्रियापदाचं बी-आर-ई-ए-के. उच्चार अगदी सारखा, त्यामुळे मराठीत दोन्ही एकाच रूपात लिहिले जातात आणि ‘कामाला ब्रेक लागला’ व ‘कामातून ब्रेक घेतला’ यात एकच शब्द आहे असं वाटतं. लागतो तो गाडीचा, घेतात तो विश्रांतीचा. लागलेल्या ब्रेकनं काम अडतं, घेतलेल्या ब्रेकनं ते काही वेळ थांबतं.

खंड पडण्याच्या अर्थातून निघालेली मला सर्वांत आवडणारी वाट संगीताची आहे. गाण्यात गायक थांबतो, बाकीची वाद्यंही थांबतात आणि थोडा वेळ नुसता ताल वाजत राहतो. त्या तुकड्याला ‘ब्रेक’ म्हणतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात डीजे कूल हर्क यानं १९७० च्या दशकात असं पाहिलं की लोक याच तुकड्यावर सर्वांत जास्त नाचतात. मग एकाच तबकडीच्या दोन प्रती आलटून पालटून वाजवून त्यानं तो तुकडा लांबवला. त्यावर नाचणारे ते ‘ब्रेक बॉइज’, आणि नाच तो ‘ब्रेकिंग’. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हा नाच स्पर्धेत होता. अनेकांना वाटतं की हातपाय मोडल्यासारखे हलवतात म्हणून ‘ब्रेकडान्स’. नाव आलं ते गाण्यातल्या त्या थोड्या वेळाच्या खंडावरून.

क्रिकेटमधला ‘लेग ब्रेक’ आणि ‘ऑफ ब्रेक’ही इथंच बसतो. टप्पा पडेपर्यंत चेंडूची वाट सरळ, टप्प्यावर ती मोडते. भागीदारी मात्र ‘ब्रेक’ झाली की आपण ‘जोडी फोडली’ म्हणतो, म्हणजे तिथं पुन्हा मडकं. स्नूकरमध्ये ‘ब्रेक’ याचा अर्थ एका खेळाडूनं न चुकता सलग मिळवलेले गुण, ज्याचा नेहमीच्या खेळातला वरचा टप्पा १४७. खंडाचा शब्द सलगतेसाठी वापरलेला, हे कितीही वेळा वाचलं तरी मला चमत्कारिकच वाटतं.

झुडपावर पडून कुणी वाचलं तर म्हणतात, ‘द बुशेस ब्रोक हिज फॉल’. नवशिक्याला वाटतं झुडपं मोडली. सांगायचंय ते असं, की झुडपांमुळे पडण्याचा जोर मोडला आणि माणूस बचावला. बंदराबाहेर समुद्रात बांधलेल्या भिंतीला ‘ब्रेकवॉटर’ म्हणतात तेही लाटांचा जोर मोडतो म्हणून. इथं मोडतोड हितकारक आहे, आणि ‘ब्रेक’ म्हणजे नेहमी नुकसान, हा समज इथं सोडावा लागतो.

तांबडं फुटतं तेव्हा

‘डे ब्रोक’ म्हणजे दिवस उजाडला. दिवस कशामुळे तुटेल? हा प्रश्न मला पूर्वी फार छळायचा, आणि उत्तर मराठीतच होतं. तांबडं फुटतं. कोंब फुटतो, पालवी फुटते, पाझर फुटतो, घाम फुटतो, हसू फुटतं, कंठ फुटतो. या ‘फुटण्यात’ काही नष्ट होत नाही. जे आत साठलेलं होतं ते आवरण भेदून बाहेर आलं, एवढंच. इंग्रजी ‘ब्रेक’चा हा तिसरा ओघ, आणि मराठी वाचकाला तो सर्वांत जवळचा. ‘ब्रोक आउट इन अ स्वेट’ हे तर शब्दाला शब्द लावून ‘घाम फुटला’. ‘हर फेस ब्रोक इंटू अ स्माइल’, तिच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. वयात येणाऱ्या मुलाचा आवाज इंग्रजीत ‘ब्रेक’ होतो आणि मराठीत फुटतो.

वादळ ‘ब्रेक’ होतं, म्हणजे दाटून आलेलं एकदाचं सुरू होतं. लाट ‘ब्रेक’ होते, म्हणजे उंचावत जाऊन किनाऱ्याजवळ फुटते. साथ किंवा आग ‘ब्रेक आउट’ होते, तेव्हा आतल्या आत धुमसणारं काहीतरी बाहेर पडतं. आणि बातमी ‘ब्रेक’ होते.

बातमीपाशी मराठी वाचकानं जरा थांबायला हवं, कारण आपल्याकडे ‘बातमी फुटली’ म्हणजे गुप्त ठेवायची बातमी कुणीतरी बाहेर काढली. इंग्रजी ‘द न्यूज ब्रोक’मध्ये चोरटेपणा मुळीच नाही. बातमी पहिल्यांदा लोकांसमोर आली, इतकाच भाव. त्याहून नाजूक आहे ‘टू ब्रेक द न्यूज टू समवन’. बहुधा बातमी वाईट असते, सांगणारा जवळचा असतो आणि त्याला ती जपून सांगायची असते. ‘डॉक्टर ब्रोक द न्यूज टू हर’ याचं मराठी ‘डॉक्टरांनी तिच्याकडे बातमी फोडली’ असं केलं तर सगळा प्रसंगच उलटा होईल. ‘डॉक्टरांनी तिला ते सांगितलं’ एवढं पुरे, आणि जपून सांगितल्याचा भाव आजूबाजूच्या वाक्यांत ठेवावा.

ताप ‘ब्रेक’ होतो तेव्हाही नवशिके फसतात. घाम येऊन ताप उतरतो, तो ‘फीव्हर ब्रोक’. सलग चढलेल्या तापाला खंड पडला, असं म्हणा किंवा आतली उष्णता बाहेर फुटली, असं म्हणा. दोन्ही ओघ तिथं एकत्र आलेले आहेत आणि ते वेगळे काढण्याची गरजही नाही.

‘ब्रेक द आइस’ या वाक्प्रचाराची कथाही तिसऱ्या ओघाजवळची. गोठलेल्या पाण्यातून नाव न्यायची तर आधी कुणीतरी बर्फ फोडून वाट करावी लागते. सोळाव्या शतकातल्या इंग्रजीत त्याचा अर्थ अवघड कामाला पहिला हात घालणं असा होता, म्हणजे आपण ज्याला ‘कोंडी फोडणं’ म्हणतो ते. अनोळखी माणसांमधला अवघडलेपणा घालवणं हा आजचा अर्थ नंतर रूढ झाला. बर्फ फोडण्याच्या चित्रातून पहिला अर्थ सरळ निघतो. दुसऱ्यासाठी ‘गोठलेलं वातावरण’ ही आणखी एक उपमा मध्ये घ्यावी लागते.

माणूस तुटतो तेव्हा

१९८० मध्ये भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लेकॉफ आणि तत्त्वज्ञ मार्क जॉन्सन या दोघांनी असं मांडलं की रूपकं ही कवींची मिरासदारी नाही. रोजचा साधा विचारही आपण रूपकांतूनच करतो. मनाबद्दलच्या इंग्रजी बोलण्यात त्यांनी दोन चित्रं दाखवली. एकात मन म्हणजे यंत्र आणि दुसऱ्यात मन म्हणजे ठिसूळ वस्तू. हा फरक ‘ब्रेक’ वापरताना फार उपयोगी पडतो. यंत्र बंद पडतं, ‘ब्रेक डाउन’ होतं. गाडीबद्दल हे जसं म्हणतात तसंच ताणानं खचून काम थांबलेल्या माणसाबद्दलही. ठिसूळ वस्तूवर दाब वाढत गेला की ती एका क्षणी ‘ब्रेक’ होते. चौकशीत आरोपी ‘ब्रोक’ म्हणजे इतका वेळ धरून ठेवलेला धीर सुटला आणि तो बोलता झाला. काचेला तडा कुठून जाईल हे आधी कळत नाही, तसंच इथंही. ‘कट’चा शब्द इथं शोभणारच नाही, कारण कापण्यावर ताबा असतो.

‘शी ब्रोक डाउन’ याचं मराठी बहुतेक वेळा ‘तिला रडू कोसळलं’. ‘ती तुटली’ असं हल्ली छापून येतं ते मला पटत नाही. मराठीत माणसाचं काळीज तुटतं, मन मोडतं, कंबरडं मोडतं, माणूस खचतो, कोलमडतो, मोडून पडतो. एवढी समृद्धी हाताशी असताना ‘ब्रोकन’ची सावली पकडून ‘तो तुटलेला आहे’ म्हणण्यानं वाक्यही सपाट होतं आणि दुःखही.

‘ब्रोकन’ आणि ‘ब्रोक’ या दोन रूपांतही मोठं अंतर आहे. ‘आय ॲम ब्रोकन’ म्हणणारा मनानं मोडलेला आहे. ‘आय ॲम ब्रोक’ म्हणणाऱ्याचा खिसा रिकामा आहे. पूर्वी ‘ब्रोकन’ ऐवजी शेवटचा ‘न’ गाळून ‘ब्रोक’ही म्हणत, आणि ते जुनं रूप कफल्लक या एका अर्थापुरतं टिकून राहिलं. भूतकाळाचं रूपही एकेकाळी वेगळं होतं. १६११ च्या इंग्रजी बायबलात ‘ब्रोक’च्या जागी गाडीच्या ब्रेकसारखं लिहिलेलं ‘ब्रेक’ हे रूप भेटतं. ‘बँकरप्ट’ हा शब्द सोळाव्या शतकात इटालियनमधून आला. तिथं तो ‘बांका रोत्ता’ होता, म्हणजे सावकाराचं मोडलेलं बाक. ‘ब्रोकर’चा मात्र या कुळाशी संबंध नाही, ऐकायला कितीही जवळचा वाटला तरी. ‘फ्रॅक्चर’, ‘फ्रॅक्शन’, ‘फ्रॅजाइल’ हे लॅटिनमधल्या ‘फ्रांगेरे’चे वंशज आहेत, आणि तो धातू व इंग्रजी ‘ब्रेक’ फार मागं एकाच मुळाला मिळतात. अस्थिभंग आणि अपूर्णांक दोन्ही मोडण्याचीच रूपं, हे कळल्यावर माझ्या एका विद्यार्थिनीला गणितातलं ‘फ्रॅक्शन’ पहिल्यांदा आपलं वाटलं होतं.

जे मोडता येतं, पण आपोआप मोडत नाही

वर म्हटलं होतं की ‘ब्रेक’मधून कर्ता गाळता येतो. लाक्षणिक अर्थांत ही मुभा नेहमी नसते, आणि लिहिताना चुका होतात त्या इथं. ‘ही ब्रोक द विंडो’ आणि ‘द विंडो ब्रोक’ दोन्ही चालतात. ‘ही ब्रोक द लॉ’ चालतं, ‘द लॉ ब्रोक’ चालत नाही. ‘ही ब्रोक हिज प्रॉमिस’ चालतं, ‘द प्रॉमिस ब्रोक’ चालत नाही. ‘शी ब्रोक द रेकॉर्ड’ म्हणता येतं, पण विक्रम आपणहून ‘ब्रोक’ होत नाही. धावपटू रॉजर बॅनिस्टरनं ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डमध्ये एक मैल ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत पार केला, आणि अवघ्या ४६ दिवसांनी जॉन लँडीनं त्याचा विक्रम मोडला. या वाक्यातून लँडीला काढायचं तर इंग्रजीत कर्मणी रूप करावं लागतं, ‘द रेकॉर्ड वॉज ब्रोकन’. मराठीत ‘विक्रम मोडला’ एवढं म्हणून मोकळं होता येतं, आणि त्या सवयीनं आपण इंग्रजीतही तसंच लिहून जातो.

कारण विचार केला तर सापडतं. काच कुणी हात न लावता तडकू शकते. कायदा मोडायला माणूसच लागतो, माणसाची कृती नसेल तर कायदा मोडण्याची घटनाच घडत नाही. उलट टोकाला ‘डे ब्रोक’ आहे. तिथं कर्ता घालायची सोयच नाही, दिवस कुणी ‘ब्रेक’ करू शकत नाही. ‘न्यूज’ मधोमध उभी आहे. पत्रकार ती ‘ब्रेक’ करतात आणि ती स्वतःही ‘ब्रेक’ होते.

शेवटी एक छोटा परिच्छेद, वर्गात मी अखेरच्या तासाला देते तो. ‘डे ब्रोक. हिज फीव्हर हॅड ब्रोकन इन द नाइट. शी ब्रोक हर सायलेन्स अँड ब्रोक द न्यूज: द टॉक्स हॅड ब्रोकन डाउन, द ट्रूस वॉज ब्रोकन. हिज व्हॉइस ब्रोक ॲज ही आस्क्ड अबाउट हिज ब्रदर.’ सात वेळा एकच क्रियापद. त्याचं मराठी माझ्या हातून असं झालं: उजाडलं. रात्रीतच त्याचा ताप उतरला होता. इतका वेळ गप्प असलेली ती अखेर बोलली, आणि जे सांगायचं होतं ते तिनं सांगितलं. बोलणी फिसकटली होती, तह मोडला होता. भावाबद्दल विचारताना त्याचा गळा दाटून आला.